पोर्टफोलिओची डावी पानं कोरी सोडा

"या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळालं." दर सेमिस्टरच्या शेवटी हे वाक्य मी वाचते, एकेका गठ्ठ्यात तीस-चाळीस वेळा. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी शिकवते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे वैयक्तिक विकासाचे पोर्टफोलिओ तपासणं माझ्या वाट्याला आलेलं काम आहे. हे वाक्य लिहिणारी मुलं खोटं बोलत नसतात. कोणी खरंच ऐरोलीच्या खाडीकिनारी प्लास्टिक वेचत तीन रविवार घालवलेले असतात, कोणी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरलेला असतो. पण "काय शिकलीस?" असं तोंडी विचारलं की गप्प होतात. तीन महिन्यांपूर्वीचा तो दिवस तोवर त्यांनाही धड आठवत नसतो.

यंदा पदवीला प्रवेश घेतलेल्या, "पोर्टफोलिओ ठेवा" असं पहिल्याच आठवड्यात ऐकलेल्या आणि म्हणजे नक्की काय करायचं हे न कळलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या आराखड्यात वर्गाबाहेरच्या कामालाही क्रेडिट्स, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळू लागली: ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), फील्ड प्रोजेक्ट, समाजात जाऊन केलेलं काम, को-करिक्युलर उपक्रम. त्यामुळे रिपोर्ट म्हणा, रोजनिशी म्हणा, "अनुभव लिहून आणा" असं सांगणारे शिक्षक आता प्रत्येक विभागात भेटतील. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) गेलात तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तासांची नोंद रजिस्टरमध्ये होते. क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये बघता येते. त्या तासांत तुम्ही कुठे अडलात, काय उमगलं, पुढच्या वेळी काय वेगळं केलंत, हे मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही. पोर्टफोलिओ त्यासाठी.

आधी एका शब्दाबद्दल

अशा अनुभवलेखनाला इंग्रजीत 'रिफ्लेक्टिव्ह' म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं, इथेच पहिली अडचण येते. 'चिंतन' म्हटलं की हरिनाम सप्ताहातलं प्रवचन आठवतं. 'आत्मपरीक्षण' त्याहून अवघड, कारण आपल्या घरांत हा शब्द निकालाच्या दिवशीच निघतो: "शेजारच्याला बघ, आणि जरा आत्मपरीक्षण कर." मग आत्मपरीक्षण लिहा म्हटलं की मुलं माफीनामा लिहितात. 'मी आळशी आहे. माझ्यात सातत्य नाही. मी मोबाइल कमी वापरायला हवा.' अशी पानंच्या पानं मी वाचली आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल लिहायला सांगावं आणि त्याला स्वतःवरचे आरोपच सुचावेत, हे काही बरं नाही.

मी वर्गात 'मागे वळून बघणं' म्हणते. बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर चढून गेलात की आपण आलो तो रस्ता खाली दिसतो, आणि चढताना लक्षात न आलेलं वळणही दिसतं. आपण चढताना दमलो म्हणून त्या वळणावर कोणी चिडत नाही. तसं बघायचं.

पायरी १: वही आणि फोल्डर

दोनशे पानी लाँगबुक घ्या, जाड पुठ्ठ्याची. सुटे कागद नकोत. ठाण्याच्या पावसात बॅग भिजते आणि सुट्या कागदांचा लगदा होतो, हे दर जुलैत कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत घडतं. वहीला प्लास्टिकचं कव्हर घाला.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं सोडायचं. कागद वाया जातो असं वाटेल, घरात कोणी बोलेलही. तरी सोडा. ते पान महिन्याने लागणार आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

वही की फोन, हे मला नेहमी विचारतात. फोनवर लिहिलेलं सापडायला सोपं, आणि गर्दीत वही काढता येत नाही हेही खरं. पण फोनवरची नोंद आपण सहज पुसतो, सुधारतो, गुळगुळीत करून टाकतो. वहीत खोडलेलं दिसतं. 'मला राग आला' लिहून ते खोडून वर 'मला थोडं खटकलं' लिहिलेलं असेल, तर ती खाडाखोडच पुढे कामाची ठरते. म्हणून वाटेत फोनवर टिपण करा, घरी आल्यावर वहीत उतरवा. फोटो, पीडीएफ, प्रेझेंटेशनच्या फाइल्स यांच्यासाठी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख घाला. फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. वहीत त्या नोंदीपुढे तेच नाव लिहून ठेवा.

पायरी २: पहिलं पान, आज मी कुठे आहे

हे पान बहुतेक जण टाळतात, कारण त्यावर काही घडलेलं नसतं. पण सुरुवातीची खूण नसेल तर आपण किती अंतर आलो ते कशावरून कळणार?

आज तुम्हाला सहज जमणाऱ्या तीन गोष्टी आणि न जमणाऱ्या तीन गोष्टी लिहा. अट एकच: गुण लिहायचे नाहीत, कृती लिहायच्या. 'माझ्यात आत्मविश्वास कमी आहे' हे खोडा. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'ठाणे स्टेशनवर अनोळखी माणसाला प्लॅटफॉर्म विचारू शकते, पण बँकेत काउंटरवर बोलायची वेळ आली की बाबांना पुढे करते.' आत्मविश्वास या शब्दावर अख्खं पान लिहिलं असतं तरी एवढं कळलं नसतं. दोन वर्षांनी ती स्वतः जाऊन शैक्षणिक कर्जाची चौकशी करून आली, तेव्हा हे पान तिला लगेच आठवलं.

मग घरातल्या एका मोठ्या माणसाला आणि एका मित्राला किंवा मैत्रिणीला विचारा, "मला काय चांगलं जमतं, आणि कुठे मी अडते?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आजी म्हणाली 'तू ऐकून घेत नाहीस', तर तसंच लिहा. वाद घालायला डावं पान आहे.

पायरी ३: पुरावा जमवा

प्रमाणपत्रं तर ठेवालच. त्यांच्याइतक्याच जपायच्या इतर गोष्टी: वीसपैकी नऊ मार्कांचा पेपर, सरांच्या लाल पेनातल्या शेऱ्यासकट. पहिल्या प्रेझेंटेशनची अक्षरांनी गच्च भरलेली स्लाइड. ओजेटीत तुम्ही बनवलेली आणि चुकलेली एक्सेल शीट (कंपनीची माहिती काढून टाकून). ग्रुपवरचा तो मेसेज, ज्यात तुम्ही काम वाटून दिलंत आणि कोणी उत्तरच दिलं नाही. पावत्या आणि तिकिटं ठेवणार असाल तर लगेच झेरॉक्स काढा. तो चकचकीत कागद काही महिन्यांत कोरा होतो.

दुसऱ्या कोणाचं नाव, फोन नंबर किंवा चेहरा पुराव्यात येत असेल तर झाकून ठेवा.

पायरी ४: त्याच दिवशी लिहा

मी बी.एड. करत असताना आम्हालाही अशी रोजनिशी होती. पंधरा आठवड्यांच्या नोंदी मी एका रात्रीत, एकाच पेनाने लिहून काढल्या. मॅडमनी वही चाळली, काही बोलल्या नाहीत, फक्त मधलं एक पान उघडून विचारलं, "या मंगळवारी तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर कोण बसलं होतं?" मला सांगता आलं नाही. त्या वर्षी सरावपाठाला मिळालेली सातवीची मुलं आज मला एकही आठवत नाहीत, आणि ती पुन्हा मिळवायचा काही मार्ग नाही. ही हळहळ अजून जात नाही, आणि मी मुलांच्या मागे लागते ते म्हणूनच.

त्याच दिवशी म्हणजे तासभर बसून नव्हे. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलला बसलात (किंवा उभे राहिलात) की ऐरोली, रबाळे जाऊन घणसोली येईपर्यंत फोनवर चार ओळी होतात. त्या चार ओळींत विचार नको, निष्कर्ष नको. ऐकलेलं एक वाक्य, पाहिलेली एक गोष्ट, अंगात काय झालं ते (हात गार पडले, आवाज चढला), आणि वेळ. एवढंच. आठवणीतलं पहिल्यांदा हेच निसटतं.

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, त्यातली एकच नोंद निवडून वहीत नीट लिहा. रोज लिहीन असं ठरवणारी मुलं गणपती येईपर्यंत थकतात. आठवड्याला एक म्हटलं तरी सेमिस्टरला बारा-पंधरा होतात, आणि तेवढ्या पुरतात.

पायरी ५: तीन प्रश्न

लिहायच्या पद्धती बऱ्याच आहेत. १९८८ साली ग्रॅहॅम गिब्ज यांनी मांडलेलं सहा टप्प्यांचं चक्र कॉलेजांत बऱ्याचदा दिलं जातं: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय होतं, ते तसं का झालं, निष्कर्ष काय, पुढच्या वेळी काय करणार. तुमच्या हँडआउटमध्ये तेच असेल तर ते वापरा. त्याआधी १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचं चार टप्प्यांचं चक्र मांडलं होतं. नवख्या माणसाला मात्र मी त्याहून जुनी आणि सोपी वाट सांगते. टेरी बॉर्टन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने १९७० मध्ये तीन प्रश्न दिले. मराठीत मी ते असे विचारते: काय झालं? मग त्याचं काय? आता काय?

सहा रकान्यांचा तोटा असा की मुलं ते फॉर्मसारखे भरतात. 'भावना' या रकान्यात 'आनंद झाला' लिहून पुढे सरकतात. तीन प्रश्नांत मधल्या प्रश्नापाशी थांबावंच लागतं.

एक नोंद जवळून दाखवते. लिहिणारीने परवानगी दिली आहे. ती दुसऱ्या वर्षाला होती, राहायला कळव्याला. फील्ड प्रोजेक्टचा विषय होता वाशीच्या एपीएमसी भाजी मार्केटमधले माथाडी कामगार. तिची पहिली नोंद अशी:

'आज आम्ही मार्केटला भेट दिली. एकूण वीस कामगारांकडे गेलो. फक्त चार जणांनी प्रश्नावली भरून दिली. कामगारांनी सहकार्य केलं नाही. तरीही या भेटीतून खूप काही शिकायला मिळालं.'

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून एवढंच विचारलं, "किती वाजता गेला होतात?"

"अकरा वाजता, मॅडम. शनिवारी पहिली दोन लेक्चरं असतात ना."

"आणि ते लोक काय करत होते तेव्हा?"

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "एक जण रिकाम्या गोणपाटांवर झोपला होता. तोंडावर पंचा टाकून. मी त्यांना उठवलं."

त्या रात्री तिने नोंद पुन्हा लिहिली:

'काय झालं? शनिवारी अकराला गेलो. वीसपैकी चौघांनी उत्तरं दिली. एका झोपलेल्या काकांना मी हाक मारून उठवलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुमचं मासिक उत्पन्न किती. ते काही बोलले नाहीत, कुशीवर वळले.

मग त्याचं काय? वेळ मी माझ्या लेक्चरच्या हिशोबाने ठरवली. भाजीच्या गाड्या रात्रीतून येतात, पहाटे उतरतात. माझे सकाळचे अकरा म्हणजे त्यांची पाठ टेकायची वेळ. सहकार्य केलं नाही असं मी लिहिलं, पण मी त्यांना काही विचारलंच नव्हतं, की आत्ता बोलू का? आणि पहिलाच प्रश्न पैशांचा. आमच्या घरी कोणी अनोळखी येऊन बाबांना आधी पगार विचारला असता तर मला राग आला असता.

आता काय? पहाटे घरचे सोडणार नाहीत. म्हणून पुढच्या शनिवारी दोघी मिळून सकाळी साडेसातला, पहिलं लेक्चर बुडवून, आधी मॅडमना सांगून. चहाच्या टपरीपाशी. पंधराऐवजी सहा प्रश्न, उत्पन्नाचा सर्वांत शेवटी. वही काढण्याआधी विचारायचं, लिहून घेऊ का.'

दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा. दुसरीत तिने स्वतःला एकदाही वाईट म्हटलेलं नाही. मी निष्काळजी आहे, मी असंवेदनशील आहे, असलं काही नाही. तिने वेळ तपासली, प्रश्नांचा क्रम तपासला, स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवलं. आणि 'आता काय' या प्रश्नाखाली तारीख, वेळ, जागा, सोबत कोण, हे सगळं आहे. घरचे पहाटे सोडणार नाहीत ही अडचणही तिने लपवली नाही. 'पुढच्या वेळी अधिक चांगली तयारी करीन' या वाक्याला पोर्टफोलिओत जागा नाही, कारण सोमवारी सकाळी उठून नक्की काय करायचं ते त्यावरून कळत नाही.

नोंद जमली की नाही हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. नाव झाकून ती नोंद वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्याही वहीत चिकटवता येईल का? येत असेल तर पुन्हा लिहा.

यश मिळालं त्या दिवसाचीही नोंद करा, याच तीन प्रश्नांनी. वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला तर का आला? विषय आवडीचा होता, की आधीच्या वक्त्याचं ऐकून ऐनवेळी सुरुवात बदललीत? काम चालू असतानाच जो विचार होतो आणि काम संपल्यावर जो विचार होतो, हे दोन वेगळे असतात, असं डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलं. ऐनवेळी बदललेली ती सुरुवात हा पहिला प्रकार. तो आपल्याला कळतही नाही आणि घरी जाईपर्यंत विसरतो. म्हणून तो मुद्दाम टिपून ठेवा.

पायरी ६: डावं पान

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही घेऊन घराबाहेर जा. घरात नको, तिथे कोणीतरी हाक मारतं. ठाण्यात असाल तर मासुंदा तलावाचा कट्टा आहे, १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नवी मुंबईत नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यान आहे, वाशीचा मिनी सीशोअर आहे. वेगळ्या रंगाचं पेन घ्या. महिन्याभराच्या उजव्या पानांवरच्या नोंदी सलग वाचा आणि प्रत्येकीसमोर, डाव्या पानावर, आज काय वाटतं ते लिहा. दोन ओळी पुरेत. 'आजही असंच वाटतं' हेही चालेल, पण प्रत्येक पानावर तेच येत असेल तर तुम्ही वाचत नाही आहात, चाळता आहात.

कळव्याच्या त्या मुलीने एपीएमसीच्या नोंदीसमोर महिन्याने हिरव्या पेनाने लिहिलं:

'साडेसातलाही दोघांनी नाही म्हटलं. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, हे मला त्या दिवशी खरं कळलं. पण एका काकांनी चहा संपेपर्यंत वेळ दिला. १९६९ चा माथाडी कायदा, मंडळाकडे नोंदणी, लेव्ही (मजुरीवर मंडळाला द्यायची रक्कम) कोण भरतं, हे त्यांनी मला नोट्सपेक्षा सोपं करून सांगितलं. प्रश्नावली बॅगेतच राहिली. आता प्रश्न हा की तक्त्यात काय भरू? माझ्याकडे आकडे नाहीत, एका माणसाचं बोलणं आहे. मॅडमना विचारायचं.'

ती विचारायला आली. मग आम्ही दोघी बसून प्रोजेक्टची पद्धतच बदलली: वीस जणांच्या प्रश्नावलीऐवजी तीन जणांच्या सविस्तर मुलाखती. हे उजव्या पानावर घडलं नसतं. घटनेच्या दिवशी आपण घटनेच्या आतच असतो.

तीन-चार महिन्यांची डावी पानं झाली की आपल्या सवयी दिसू लागतात. एका मुलाच्या वहीत सहा वेगवेगळ्या नोंदींसमोर त्याचं त्यालाच दिसलं की प्रत्येक ग्रुप प्रोजेक्टमध्ये तो शेवटच्या दोन दिवसांत सगळं काम स्वतःवर ओढवून घेतो आणि मग इतरांवर चिडतो. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं, या वेळचा ग्रुपच वाईट आहे.

पायरी ७: उद्दिष्टं, पण थोडी

सेमिस्टरला दोन. तीन झाली की एकही होत नाही. 'संवादकौशल्य सुधारणे' असं लिहू नका. 'महिन्यातून एकदा लेक्चरमध्ये हात वर करून प्रश्न विचारणे' असं लिहा. झालं की तारीख टाका. नाही झालं तर का नाही, हे एका ओळीत. उद्दिष्ट मध्येच बदलावंसं वाटलं तर बदला, पण जुनं खोडू नका, त्यावर एक रेघ मारून बाजूला कारण लिहा.

भाषा कोणती?

सबमिशन इंग्रजीत मागितलं असलं तरी पहिली नोंद मराठीत करा, किंवा घरी जी भाषा बोलता तिच्यात. आगरी, मालवणी, हिंदी, जी असेल ती. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्याला ऐकीव वाक्यं सुचतात, कारण तेवढीच तयार असतात. 'मला कानकोंडं झालं' हे मराठीत पटकन येतं आणि नेमकं असतं. इंग्रजीत त्याला शब्द शोधताना ती भावनाच बदलून जाते. आधी स्वतःला काय म्हणायचंय ते कळू द्या, भाषांतर शेवटच्या आठवड्यात करता येतं.

चॅटजीपीटीबद्दलही विचारतात. इंग्रजीतलं व्याकरण तपासून घ्यायला वापरा, तुमच्या कॉलेजचा नियम बघून. नोंद मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तो गोणपाटावर झोपलेल्या काकांना भेटलेला नाही. तशी लिहून घेतलेली वही सफाईदार असते, पण त्यात वेळ, जागा, कोणाचं तरी बोललेलं वाक्य, यांतलं काही नसतं, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक साधा प्रश्न विचारला की मूल गोंधळून जातं. मला मार्क कापायचं दुःख नसतं. त्या मुलाचा आठवडा नोंदीविना गेला, याचं असतं.

जे दाखवायचं नाही ते

घरातलं आजारपण, पैशांची ओढाताण, मैत्री तुटणं, प्रेमातलं काही, हे सगळं तुमच्या वाढीचाच भाग आहे आणि वहीत यायला हरकत नाही. पण सबमिशनमध्ये ते येण्याची अजिबात गरज नाही. मार्कांसाठी कोणाला आपलं दुःख उघडं करायला लागू नये, असं माझं ठाम मत आहे. माझ्या वर्गात नियम असा आहे की जी पानं मी वाचू नयेत असं वाटतं ती स्टेपल करायची. मी ती उघडत नाही. तुमच्या शिक्षकांना आधीच विचारून घ्या. त्यांची हरकत असेल तर खाजगी नोंदींची वही वेगळी ठेवा.

लिहिताना एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत असेल, झोप उडवत असेल, तर वही पुरेशी नाही. कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पायरी ८: सबमिशन

वही जशीच्या तशी देऊ नका, तीतून निवड करा. बारा-पंधरा नोंदींतून चार किंवा पाच. निवडताना सर्वांत यशस्वी दिवस कोणता हे बघू नका. जिथे डावं पान उजव्यापेक्षा वेगळं बोलतं, त्या नोंदी घ्या. एक तरी फसलेली असू द्या. प्रत्येकीसोबत एक पुरावा जोडा, ढीग नको.

सुरुवातीला दीड-दोन पानांची ओळख लिहा: पहिल्या पानावरच्या त्या सहा गोष्टींचं आज काय झालं? तीन न जमणाऱ्यांपैकी एखादी अजूनही जमत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तपासणारा माणूस त्याचे मार्क कापत नाही. मी तरी नाही. मग अनुक्रमणिका, पानांना नंबर, आणि स्पायरल बाइंडिंग. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते, तेव्हा दोन दिवस आधी जा. प्रिंट देण्याआधी पीडीएफ करून घ्या, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी फाँट फिसकटतो आणि वेलांट्या भलतीकडेच जातात.

व्हायवात वही समोर असू द्या. प्रश्न आला की पान उघडून त्यातली दोन वाक्यं वाचा आणि मग बोला. नोकरीच्या इंटरव्ह्यूला वही न्यायची नसते, पण 'कठीण प्रसंग सांगा' असं विचारलं की काय सांगायचं याची तयारी आदल्या रात्री या वहीतूनच होते. कळव्याची ती मुलगी आता महापे एमआयडीसीत कामाला आहे. इंटरव्ह्यूत तिने झोपलेल्या काकांचीच गोष्ट सांगितली, आणि समोरच्या बाईंनी त्यावर तिला तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं तिच्या डाव्या पानावर आधीच होती.

आणि मार्क लागल्यावर वही परत मागून घ्या. कॉलेजात जागा कमी असते, जुनी सबमिशन्स काही काळाने रद्दीत जातात. माझ्या स्टाफरूममधल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, गेल्या वर्षीच्या अकरा वह्या अजून आहेत. निळ्या कव्हरची, मागच्या पानावर फ्लेमिंगो काढलेली, ती कोणाची आहे ते मला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट रिकामं करायला सांगितलंय. त्याआधी या, दुपारी दीडनंतर मी असते.